शंभर गाण्यांची उतरंड

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. आजकालचे माइक मी पाहतो तेव्हा मला त्यांची कीव येते. चण्याएवढे असतात, कॉलरला मुंगळ्यासारखे चिकटलेले. मी असा नव्हतो. चांगला शहाळ्याएवढा, राखाडी अंगाचा, तोंडावर पोलादी जाळी असलेला. माझ्यासमोर बोलायला माणसाला नीट बसावं लागायचं आणि बोलण्याआधी घसा साफ करावा लागायचा. तेवढा आदर मला मिळत असे. पुढे तो कसा गेला आणि कुणामुळे गेला, तेच मला तुम्हांला सांगायचं आहे.

माझा जन्म मिशिगनमधल्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात केसाहून बारीक तांब्याची तार आहे. ती गुंडाळणाऱ्या बाईला शिंक आली, तर तिची सगळी सकाळ वाया जात असे. तिने डोळ्यांवर भिंग लावून, श्वास रोखून मला घडवलं. तिथून मी पेंढ्यात गुंडाळून ओहायोतल्या बर्चविल गावी आलो. तिथलं रेडिओ केंद्र बुटांच्या दुकानाच्या माडीवर होतं. उन्हाळ्यात खिडकी उघडली की चामड्याचा वास वर येई.

ती माझी चांगली वर्षं होती. माझ्यातून रोज सकाळी गावात कोण वारलं आणि कोणत्या चर्चमध्ये प्रार्थना आहे ते सांगितलं जाई. बर्फ पडलं की शाळेला सुट्टी मीच देत असे. पोलादाच्या कारखान्यात कुठली पाळी उशिरा सुटणार, कुणाचं कुत्रं हरवलं, कुणाच्या तळघरात पाणी शिरलं, सगळं माझ्यातून जाई. रविवारी स्लोवाक आणि पोलिश म्हातारे येऊन आपापल्या भाषेत गात. काही फार बेसूर गात. पण तेव्हा कुणी कुणाला नंबर देत नव्हतं. मेलेल्यांची नावं वाचतानासुद्धा त्यांत पहिला कोण आणि पाचवा कोण, असं कुणी विचारलं नाही.

मग रुडी ओंद्रेइका आला.

रुडी गावातलाच. त्याचा बाप भट्टीवर काम करायचा, शेजारपाजार सगळा कारखान्यातला. रुडीचा खरा आवाज जरा नाकातून येणारा, घोगरा, त्या गल्ल्यांमधल्या माणसांचा असतो तसाच होता. पण माझ्यासमोर बसला की तो पोट आत ओढायचा आणि कोमट तेल ओतल्यासारखा दुसराच आवाज काढायचा. नावही त्याने दुसरंच घेतलं होतं, रेक्स रॉयल. तोंडात सतत पेपरमिंटची गोळी असे. वर्षानुवर्षं माझ्या जाळीवर त्या गोळीची वाफ बसली. मी त्याचा तिरस्कार करत असे, हे मी लपवणार नाही.

याच रुडीने गावात गाण्यांची उतरंड आणली. दर शनिवारी आठवड्यातली चाळीस गाणी, चाळिसाव्यापासून सुरुवात करून खाली पहिल्यापर्यंत. उलटं का मोजायचं, हे तुम्ही विचाराल. कारण साधं आहे. पहिलं गाणं आधीच सांगितलं तर लोक रेडिओ बंद करून आपापल्या कामाला लागतील, आणि मग सोफ्याच्या नि टायरच्या जाहिराती ऐकणार कोण? म्हणून माणसांना त्या एका गाण्याच्या आशेवर तासन्‌तास अडकवून ठेवायचं. मधूनमधून रुडी म्हणायचा, "जाऊ नका कुठे, मित्रांनो." मित्रांनो हा शब्द मीही वापरतो, पण मी काही विकत नाही.

आता हे नंबर कसे ठरत तेही ऐका. आमच्या टेलिफोनवर डोलोरेस माटुशेक नावाची बाई बसत असे. ती दर मंगळवारी हर्ब निकल्सच्या तबकड्यांच्या दुकानात फोन करून कुठल्या गाण्याचा किती खप झाला ते विचारी. हर्बकडे जी तबकडी खोक्यांतून पडून असेल आणि कुणी हात लावत नसेल, तीच सगळ्यांत जास्त खपली असं तो बेलाशक सांगे. तिचं नाव एकदा रेडिओवर आलं की पडलेली खोकी रिकामी होत. मग लोकांचे फोन येत, मला अमुक गाणं आवडतं, तमुक लावा. डोलोरेस त्यांच्या रेघा ओढी. एका कुरळ्या केसांच्या गायकाचे दात तिला फार आवडत. त्याच्या नावापुढे ती एका फोनच्या दोन रेघा ओढायची. आणि नाताळात तबकड्यांच्या कंपनीचा माणूस रुडीच्या घरी भाजलेलं हॅम पोचवायचा. हॅमवाल्या कंपनीचं गाणं जानेवारीत वर चढलेलं असे.

या तिघांच्या थापांची बेरीज केली की तिला 'बर्चविलच्या जनतेची पसंती' म्हणत. आणि जनताही अशी की, आपल्याला काय आवडलं ते शनिवारी रुडीकडून ऐकल्याशिवाय तिला कळत नसे.

या सगळ्या बाजारात एक गाणं मात्र खरं होतं. ते मी सांगतो, कारण ते माझ्यातूनच गेलं.

वांडा ग्रेलाक ही रुडीच्या शाळेतली वर्गमैत्रीण. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची आणि रविवारी चर्चमध्ये गायची. तिचा नवरा लेओ भट्टीवर. एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या शरद ऋतूत तिने स्वतः एक गाणं रचलं आणि ते टेप करून घ्यायला आमच्याकडे आली. एवढं मी मान्य करतो की रुडीने तिला नाही म्हटलं नाही. वांडाचा काका अकॉर्डियन घेऊन आला होता. ती माझ्या इतकी जवळ उभी राहिली की मला तिच्या हाताचा कांद्याचा वास आला. रुडीने तिला एक पाऊल मागे व्हायला सांगितलं. ती म्हणाली, मागे गेले तर मलाच मी ऐकू येणार नाही. आणि तिथेच उभी राहून गायली.

गाणं डब्याचं होतं. कारखान्यातली माणसं तेव्हा पत्र्याचा डबा न्यायची. संध्याकाळी नवरा दाराच्या पायरीवर डबा ठेवतो आणि बूट काढायला वाकतो. त्या ठेवण्याच्या आवाजावरून आत चुलीपाशी उभ्या बाईला त्याचा दिवस कसा गेला ते कळतं. बस, एवढंच गाणं. त्यात चंद्र नव्हता, समुद्र नव्हता, कुणी कुणासाठी मरत नव्हतं. मित्रांनो, मी आयुष्यात हजारो गाण्यांची नावं ऐकली. पण त्या दिवशी ती बाई गात असताना माझ्या पोटातली तार जशी थरथरली तशी पुन्हा कधी थरथरली नाही.

क्लीव्हलंडला त्याच्या काही तबकड्या काढल्या. गावाने त्या आठवड्यातच संपवल्या. हर्ब निकल्सला थाप मारायची गरज पडली नाही आणि डोलोरेसला खोट्या रेघा ओढायला फुरसत मिळाली नाही. डिसेंबरच्या मध्याला ते गाणं पहिल्या नंबरवर गेलं आणि जानेवारी सरेपर्यंत तिथून हललं नाही. बायका दुकानात रांगेत उभ्या राहून ते गुणगुणत. कारखान्याच्या फाटकावर पुरुष मुद्दाम डबे आपटून एकमेकांना हसवत.

मग तीन वर्षांनी कारखाना बंद पडला. एका सकाळी कुणीतरी माझ्यासमोर तो निरोप वाचला. रेक्स रॉयलनेच वाचला, आणि लगेच टायरची जाहिरात वाचली.

एकोणऐंशी साल संपायला आलं तेव्हा केंद्राच्या मालकाने क्रेग हॉलिस नावाचा एक नवा व्यवस्थापक कोलंबसहून आणला. बारीक टाय, खिशात गणकयंत्र. त्याला वाटे की जगात जे काही आहे त्याला गुण देता येतात. त्याने ठरवलं की वर्षाच्या शेवटच्या दिवशी दशकातली सर्वांत मोठी शंभर गाणी वाजवायची, सकाळपासून संध्याकाळच्या बातम्यांपर्यंत. बेकर फर्निचरवाल्याने सगळ्या कार्यक्रमाच्या जाहिराती घेतल्या.

क्रेगची पद्धत ऐका, कारण असले लोक तुम्हांलाही पुढे भेटतील. प्रत्येक आठवड्यातल्या पहिल्या गाण्याला चाळीस गुण, दुसऱ्याला एकोणचाळीस, असं खाली शेवटपर्यंत. मग वर्षाची बेरीज, आणि प्रत्येक वर्षातली वरची गाणी उचलून दशकाची यादी. ऐकायला कसं न्यायाचं वाटतं. पण त्यामुळे झालं काय, की जे गाणं कुणाच्याच जिवाला लागलं नाही, नुसतं विसाव्या नंबरवर सहा महिने लोळत पडलं, ते गुण साठवत साठवत वर आलं. वर्गात मागच्या बाकावर झोपलेल्या मुलाला हजेरी पूर्ण म्हणून बक्षीस द्यावं तसं. आणि नाताळाच्या दोन आठवड्यांत आमच्याकडे यादीच होत नसे, कारण डोलोरेस सुट्टीवर आणि रुडी नाताळची गाणी लावून मोकळा. त्या आठवड्यांना क्रेगने शून्य धरलं.

वांडाच्या गाण्याचा भर नेमका तिथेच होता. थोडे गुण चौऱ्याहत्तरात गेले, थोडे पंचाहत्तरात, मधले बुडाले. दोन वर्षांच्या मध्ये सापडलेलं ते गाणं कुठल्याच वर्षाचं झालं नाही.

इकडे रुडीने घोळ करून ठेवला होता. लेओला दोन वर्षं काम नव्हतं. शेवटी ह्यूस्टनच्या गोदीत त्याला नोकरी मिळाली होती आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी ग्रेलाकांचं बिऱ्हाड हलणार होतं. रुडी वांडाला किराण्याच्या दुकानात भेटला आणि यादी बघण्याआधीच सांगून बसला की तुझं गाणं पहिल्या दहांत आहे. वांडाने ते सासूला सांगितलं, सासूने गल्लीला सांगितलं. सगळं सामान बांधायचं, फक्त रेडिओ बांधायचा नाही, असं त्यांच्या घरी ठरलं.

नाताळच्या आदल्या दिवशी क्रेगने यादी आणून माझ्याशेजारी ठेवली. रुडीने ती वरपासून खालपर्यंत वाचली.

"वांडाचं गाणं कुठाय?" त्याने विचारलं.

"कोण वांडा?"

"ग्रेलाक. डब्याचं गाणं. अख्खं गाव गात होतं ते."

क्रेगने कागद उलटला. "एकशे चारावं आलंय."

"मग घे ना आत."

"कार्यक्रम शंभराचा आहे, रुडी. तिला घेतलं तर मग एकशे एक ते एकशे तीन या गाण्यांनी काय घोडं मारलंय?"

मला वाटलं होतं, आता तरी हा माणूस टेबलावर मूठ आपटेल. त्याने पेपरमिंटची गोळी तोंडात टाकली आणि यादी घडी घालून ठेवली. मित्रांनो, त्या क्षणी माझे शब्द मला बाहेर काढता आले असते, तर मी अख्ख्या गावाला ऐकवले असते. पण आमच्या जातीला दुसऱ्याचंच बोलणं पुढे पोचवता येतं.

शेवटचा दिवस उजाडला. सकाळपासून रुडी तेल ओतत होता. शंभर, नव्याण्णव, अठ्ठ्याण्णव. प्रत्येक गाण्याला तो अजरामर म्हणत होता. नव्वदाव्यालाही अजरामर आणि सत्तराव्यालाही अजरामर. अधूनमधून बेकरचे सोफे. दुपार कलली आणि तिसांच्या घरातली गाणी सुरू झाली, तेवढ्यात स्टुडिओचं दार उघडून वांडा आत आली. अंगात जाड कोट, बुटांना बर्फ.

रुडी खुर्चीतून अर्धवट उठला. त्याला वाटलं, हिला कळलं. पण तिला यादीचं काहीच ठाऊक नव्हतं.

ती म्हणाली, "काम चालू दे तुझं. मला फक्त माझी टेप हवी. उद्या निघतोय ना आम्ही."

"तुझ्याकडे तबकड्या असतील की," रुडी म्हणाला.

"तीन होत्या. एक फुटली. दोन सासूबाईंनी गरम पातेल्याखाली ठेवल्या, त्यांच्या वाट्या झाल्या. आता त्यांत सूप वाढता येईल."

रुडी हसला आणि कपाटातून खोकं काढून आणलं. त्यावर तिचं नाव होतं. एक गाणं वाजत होतं तेवढ्या वेळात त्याने टेप यंत्रावर चढवली आणि कळ दाबली. वांडाने कोटाची बटणं सोडली, ऐकायला बसावं तशी ती खुर्चीच्या कडेवर टेकली.

आतून रेक्स रॉयलचा आवाज आला. बेकरचा नवा सोफा, तीन माणसं ऐसपैस बसतील, डाग पडला तर ओल्या फडक्याने पुसा.

कधीतरी घाईच्या सकाळी हाताला जी टेप लागली ती त्याने घेतली होती आणि तिच्यावर जाहिरात भरली होती. खोक्यावरचं नाव वाचायचीही तसदी त्याने घेतली नव्हती. ज्या गाण्याला तो पहिल्या दहांत बसवायला निघाला होता, ते त्याने स्वतःच पुसून टाकलं होतं.

वांडाने जाहिरात शेवटपर्यंत ऐकली. रुडी यंत्र बंद करायला विसरला होता, ते तिनेच बंद केलं.

"सोफा बरा दिसतोय," ती म्हणाली.

रुडी काही बोलायच्या आधी काचेपलीकडून डोलोरेसने खूण केली. त्याला पुढचं गाणं सांगावं लागलं. त्याने सांगितलं, अजरामर म्हटलं, आणि पुन्हा तिच्याकडे वळला. मग तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आत्ता गा. तोच माइक आहे. पुन्हा टेप करू. बातम्या झाल्या की लगेच."

"नाही रे."

"अगं, दोन-तीन मिनिटांचं तर काम."

वांडा बटणं लावायला लागली. "रुडी, लेओ कामावर जायचा तेव्हा सुचलेलं गाणं ते. गेली दोन वर्षं तो दिवसभर घरातच आहे. मी कसला आवाज ऐकू?"

दाराशी जाऊन तिने सहज विचारलं, "कितवा लागलाय माझा? सासूबाई शेगडी सोडून उठायला तयार नाहीत, त्यांना वेळ सांगायचीय."

आणि मित्रांनो, या माणसाने काय सांगावं? "ऐकत राहा." जे तो दर शनिवारी सगळ्यांना सांगायचा, तेच. ती गेली. मी आतापर्यंत त्याचा तिरस्कार करत होतो. त्या क्षणापासून मला त्याची शिसारी आली.

दहावं गाणं लागलं. नववं, आठवं लागलं. डोलोरेसला कळलं होतं की ग्रेलाकांच्या घरी सगळे कान लावून बसलेत. ती काचेतून रुडीकडे नुसती बघत होती. क्रेग घड्याळाकडे बघत होता, कारण पहिल्या गाण्याच्या आधी बेकरची सगळ्यांत लांब जाहिरात होती. दुसरं गाणं संपलं. रुडीने बोलायला तोंड उघडलं आणि मग गोळी तोंडातून काढून राखेच्या भांड्यात टाकली.

"मी रुडी ओंद्रेइका बोलतोय," तो म्हणाला.

तो आवाज मी ओळखलाच नाही. नाकातून येणारा, घोगरा, भट्टीच्या गल्लीतला. इतकी वर्षं तो माझ्यापासून हातभर अंतरावर होता आणि मला कधी दिला गेला नव्हता.

त्याने सांगितलं की या यादीत वांडा ग्रेलाकचं गाणं नाही. तिला पहिल्या दहांत आहे असं सांगितलं ते खोटं होतं. टेप आपणच पुसली, सोफ्यासाठी. केंद्रातली तबकडी केव्हाच झिजून गेली, आता गाणं वाजवायला आपल्याकडे नाही, म्हणून जसं येतं तसं म्हणून दाखवतो. याला नंबर नाही.

आणि तो गायला लागला. फार वाईट गायला. माझ्यासारख्याला ते सोसणं कठीण होतं, पण मी ते सगळं जसंच्या तसं पुढे पाठवलं, एक सूरही झाकला नाही. क्रेग धावत डोलोरेसच्या खोलीच्या दाराशी आला, कारण स्टुडिओत यायची वाट तिथूनच होती. डोलोरेसने खुर्ची दाराच्या कडीखाली अडकवली आणि ती स्वतः तिच्यावर बसली. ती चांगली वजनदार बाई होती. क्रेग दाराच्या काचेवर थापा मारत राहिला.

पहिलं कडवं संपलं आणि रुडी थांबला. दुसरं त्याला आठवेना. त्याने पहिलंच पुन्हा सुरू केलं, मध्येच सोडलं. रेडिओवर शांतता पडली. आमच्या धंद्यात याहून मोठा गुन्हा नाही. ती शांतता अख्ख्या बर्चविलच्या घराघरांत, दुकानांत, मोटारींत पसरली.

टेलिफोनचा दिवा लागला. डोलोरेसने खुर्चीवरून न उठता हात लांब करून फोन घेतला, ऐकला, आणि आम्हांला जोडून दिला. स्टुडिओतल्या कर्ण्यातून एका पुरुषाचं खाकरणं ऐकू आलं.

"लेओ ग्रेलाक बोलतोय. दुसरं कडवं असं आहे."

मागून त्याच्या आईचा आवाज आला, "अरे, गायचं असतं ते." तो म्हणाला, "मला येत नाही गाता." आणि त्याने ते कडवं दुकानात सामान सांगावं तसं एकेक शब्द सुटा करून सांगितलं. डबा आपटला तर भांडण झालंय, विचारावं. डबा नेहमीसारखा वाजला तर सगळं ठीक आहे, हसावं. पण ज्या दिवशी तो अगदी हळूच ठेवला जातो, त्या दिवशी काही विचारू नये. पुढ्यात गरम ताट ठेवावं आणि समोर बसावं. एवढं सांगून तो थांबला. मग म्हणाला, "बस. एवढंच आहे." आणि फोन ठेवला.

सहाच्या बातम्यांची वेळ झाली होती. दशकातलं पहिलं गाणं वाजायचं राहिलं, बेकरची सगळ्यांत लांब जाहिरातही राहिली. त्या संध्याकाळी फोन मात्र थांबेना. रुडीचा आवाज भयंकर आहे, असं सांगणारे होते. आपल्या नवऱ्याचा डबा कसा वाजायचा ते सांगणाऱ्या बायका होत्या. एक म्हातारा काही न बोलता रडत होता. पण पहिलं गाणं कुठलं होतं हे विचारायला एकाचाही फोन आला नाही. क्रेगच्या सगळ्या गणिताची किंमत त्या दिवशी मला समजली. त्याला ती कधीच समजली नाही. पुढच्या आठवड्यात त्याने ती यादी छापून हर्ब निकल्सच्या दुकानात टांगली.

रुडीला काढून टाकलं. तो शाळेची बस चालवायला लागला आणि मुलांना थांब्यांची नावं स्वतःच्या आवाजात सांगायला लागला. डोलोरेसला मात्र कुणी हात लावला नाही. क्रेगला टेलिफोन कसा जोडायचा ते ठाऊक नव्हतं. तिच्याकडूनच मला कळलं की ग्रेलाक मंडळी ह्यूस्टनला रुळली. लेओला तिकडे प्लॅस्टिकचा डबा मिळाला आहे आणि तो ठेवल्याचं मुळी कळतच नाही, असं वांडाने तिला फोनवर सांगितलं होतं. गाणं तिने पुन्हा कधी म्हटलं की नाही, ते मला माहीत नाही.

मग केंद्र विकलं गेलं. गाणी कुठूनतरी आकाशातून, उपग्रहावरून यायला लागली आणि माझ्यासमोर बसायला माणूसच उरला नाही. मला एका खोक्यात टाकलं. उंदरांनी माझ्या तळाचं रबर खाल्लं. पुष्कळ वर्षांनी कुणीतरी मला गावच्या वाचनालयातल्या संग्रहाच्या खोलीत आणून ठेवलं. तिथे माझ्यापुढे पाटी लावली आहे, 'दशकातली शंभर सर्वोत्तम गाणी या माइकवरून जाहीर झाली.' एवढी छोटी पाटी, आणि तिच्यातही न वाजलेलं एक गाणं जास्त.

आता शाळेची मुलं मला बघायला येतात. गेल्या वर्षी वाचनालयाने प्रत्येक मुलाच्या हातात एक चांदणी दिली आणि सांगितलं की तुम्हांला सगळ्यांत आवडलेल्या वस्तूसमोर चिकटवा. दोन डोक्यांचं पेंढा भरलेलं वासरू पहिलं आलं. मग आगीच्या बंबाची घंटा. मी चौथा आलो, कुणाच्या तरी खोट्या दातांच्या मागे. निकाल वाचायला माणूस आला होता. त्याने चौथ्यापासूनच सुरुवात केली.

मित्रांनो, तेव्हा माझं एवढं ऐका. तुमच्या घरी कुठल्यातरी फोनमध्ये, कुठल्यातरी जुन्या टेपवर एखाद्या माणसाचा आवाज पडलेला असेल. जागा कमी पडते म्हणून तुम्ही तो पुसायला निघाल. त्याआधी एकदा नाव वाचा, आणि शेवटपर्यंत ऐका. कोणतं गाणं मोठं आणि कोणतं लहान, हे सांगणारे तुम्हांला जन्मभर भेटतील. त्यांना सांगू द्या, त्यांचे सोफे खपायचे आहेत. आणि वाचनालयात आलात, तर तुमची चांदणी त्या वासराला खुशाल द्या. माझ्यासाठी खिशातला रुमाल काढा. माझ्या जाळीवर फार धूळ बसली आहे.